पोचू मास्तरांची ग्रीक वही

मित्रांनो, जिच्यामुळे एक माणूस मरता मरता राहिला, अशी मी एक जुनी वही आहे. माझ्यात कोणाची चहाडी नाही, कोणाला शिवी नाही. शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ आहेत, एवढंच. तरीही मी फार भित्री आहे. कोणी मला घाईघाईनं उघडलं, की माझी पानं अजून थरथरतात. असं का होतं, ते आज तुम्हांला सांगते.

आरमोरीच्या बाजारातल्या एका दुकानात मी पहिल्यांदा डोळे उघडले. जाड पुठ्ठा, लाल कापडाची पाठ, लांब लांब पानं. धानाच्या हंगामात दुकानात गर्दी असायची, पण माझ्याकडे कोणी बघत नसे. एक दिवस एक सडपातळ माणूस आला. त्यानं माझ्या कागदावरून बोट फिरवलं, शाई फुटते का ते कोपऱ्यात एक ठिपका देऊन पाहिलं आणि मला काखेत घातलं. ते पोचू मास्तर.

मास्तर मूळचे सिरोंच्याकडचे. तरुणपणी शहरातल्या एका पाठशाळेत ते ख्रिस्ती शास्त्र शिकले. त्या शास्त्राचा नवा भाग मुळात ग्रीक भाषेत लिहिलेला आहे, म्हणून थोडी ग्रीकही शिकले. पुढे गडचिरोलीपासून बसनं तीन तास आणि वर पायी दोन तास, अशा एका जंगलातल्या गावात ते राहायला गेले. गाव आपल्या देवांना मानणारं. मास्तरांच्या प्रार्थनेला चार-पाच माणसं यायची. पण पोरांना अक्षर शिकवणारा, चिठ्ठी वाचून दाखवणारा, दवाखान्यात सोबत जाणारा माणूस म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं.

ते शास्त्र गोंडीत आणायचं म्हणून मास्तरांनी माझ्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखले. पहिल्यात निळ्या शाईनं ग्रीक शब्द, दुसऱ्यात काळ्या शाईनं मराठी अर्थ, आणि तिसऱ्यात पेन्सिलीनं गोंडी. गोंडी पेन्सिलीनं का? तर गावातल्या म्हाताऱ्यांनी दुरुस्ती सांगितली, की खोडता यावं म्हणून. ‘पाणी’, ‘आई’, ‘वाट’ असले शब्द भराभर लिहून झाले. पण एका शब्दाशी मास्तर अडले. तो शब्द ‘लुत्रोन’. शेजारी मराठी रकान्यात त्यांनी ‘खंडणी’ लिहिलं, मग त्याच्या खाली ‘सोडवणूक’ लिहिलं. तिसऱ्या रकान्यात मात्र लिहायचे आणि खोडायचे, लिहायचे आणि खोडायचे. खोडून खोडून तिथला कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ झाला.

अशी बावीस वर्षं गेली. एकदा गडचिरोलीच्या सभेत मोठ्या लोकांनी मला हातात घेऊन वाहवा केली. मला फार अभिमान वाटला. पण नंतर मास्तरांची नजर अधू झाली आणि मी पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. वाळवीनं माझा एक कोपरा खाल्ला. पाठीचा दोरा तुटला. मी पानापानांनी गळायला लागले.

शेजारच्या घरात बुधरीबाई राहायची. तिचा मुलगा अंकुश मलेरियाच्या कामावर होता. गावोगाव पायी फिरायचा, तापलेल्या माणसाच्या बोटाचा रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि नाव लिहून ठेवायचा. महिन्यातून एकदा तो गडचिरोलीला जायचा. एका वर्षी धान पिकायला आलं होतं. मास्तर मला पिशवीत गुंडाळून त्याच्याकडे आले.

“अंकुश, येवढी वही बांधून आन बापा. गळून राह्यली.”

“आनतो ना मास्तर. उद्या संध्याकाळच्या गाडीनं वापस येतो.”

मित्रांनो, किती साधं काम होतं!

अंकुश मला झोळीत घालून निघाला, तर नाल्याच्या उताराला तिघं बंदूकवाले उभे होते. अलीकडे जंगलात त्यांची संख्या फार घटली होती. म्हणूनच ते जास्त घाबरलेले असायचे, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातातली बंदूक फार वाईट. त्यांनी अंकुशला थांबवून त्याची झोळी जमिनीवर उलटी केली. काचपट्ट्या खळकन फुटल्या. त्याचं रजिस्टर एकानं उचललं.

“लोकायची नावं काऊन लिवली?”

“ताप आलेल्यायची हाय, भाऊ. औषध द्याले लागते.”

“कोनाले देतो हे नावं?”

“दवाखान्यात.”

मग त्यांच्यातल्या तरुणानं मला उचललं. मधलंच पान उघडलं आणि त्याचे डोळे बारीक झाले. माझी निळी अक्षरं त्याच्या ओळखीची नव्हती. ना मराठी, ना हिंदी, ना तेलुगू, ना इंग्रजी.

“हा कोनता कोड हाय?”

“कोड नाई भाऊ. मास्तरची वही हाय. मले वाचता येत नाई.”

“वाचता येत नाई त मंग घेऊन काऊन फिरते?”

अंकुशचे हात त्याच्याच दुपट्ट्यानं बांधले. मला त्या तरुणानं आपल्या शर्टात खोचलं आणि सगळे आत जंगलात चालू लागले. त्याचं काळीज माझ्या पुठ्ठ्यावर धाडधाड आपटत होतं. मागून अंकुशच्या पावलांचा आवाज येत होता. मी मनात म्हणत होते, मला नाल्यात फेकून द्या. मला जाळा. पण हे पोरगं सोडा. वहीचं मन कोणाला ऐकू येणार?

तंबूत त्यांची पुढारी होती. चाळिशीची बाई, केस आखूड कापलेले, खांद्याला बंदूक. सगळे तिला दीदी म्हणायचे. तिनं मला पान पान उलटून पाहिलं. शेवटी म्हणाली, “उद्या फैसला करू.”

पोलिसांचा खबऱ्या ठरलेल्याचा फैसला म्हणजे काय, ते त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अंकुश एका झाडाला बांधलेला होता. तो रडला नाही. त्याचे ओठ तेवढे हलत होते. आधी मला वाटलं तो काही जप करतोय. मग कळलं, फुटलेल्या काचपट्ट्यांवरच्या माणसांची नावं तो एकामागून एक आठवत होता.

इकडे गावात काय झालं, ते मी नंतर ऐकलं. गुरं चारणाऱ्या एका बाईनं लांबून सगळं पाहिलं होतं. तिनं धावत येऊन बुधरीबाईला सांगितलं. बुधरीबाई अंगण सारवत होती. शेणाचे हात न धुता ती मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“मास्तर, तुमच्या वहीनं माह्या पोराले खाल्लं.”

 दुसऱ्या दिवशी उजाडताच मास्तरांनी चपला घातल्या आणि गुरं चारणाऱ्या बाईनं दाखवलेल्या दिशेनं ते तिच्यासोबत निघाले. वाटेत दोनदा ते मटकन खाली बसले.

“पाय उचलत नाई बाई. भेव वाटून राह्यलं.”

“मले नाई वाटत का? उठा.”

दुपारी ते दोघं तंबूपाशी पोचले, तेव्हा त्यांना पाहून मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. माझी भीती दुप्पट झाली. आता तीन माणसं बंदुकीपुढे होती, आणि कारण मी होते.

बोलणं थोडं गोंडीत झालं, थोडं इकडच्या मराठीत. मी तुम्हांला माझ्या परीनं सांगते.

दीदीनं मला मास्तरांच्या समोर धरलं. “हे कोनं लिवलं?”

“मी.”

“वाच.”

मास्तर वाचू लागले. अधू नजरेमुळे पान नाकाशी धरून ते एकेक ओळ शोधत होते. दीदी हुशार होती. एक शब्द विचारायची, मग दहा पानं उलटून दुसरा विचारायची, आणि मध्येच पहिला शब्द एका कागदावर उतरवून पुन्हा पुढे करायची. मास्तर खोटं बोलत असते तर अर्थ बदलला असता. अर्थ बदलला नाही. ‘वाट’ ही वाटच राहिली, ‘आई’ ही आईच. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तिचं बोट त्या पातळ झालेल्या कागदावर आलं.

“इथी काऊन खोडलं? काय लपवलं?”

मास्तर म्हणाले, “लपवलं नाई. सापडलं नाई, म्हनून खोडलं.”

“काय शब्द हाय?”

“लुत्रोन.”

तरुण पोरगा खांद्यावरून वाकून बघत होता. त्याला शेजारचं मराठी वाचता आलं. तो ओरडलाच, “दीदी, खंडनी लिवलं हाय! आपल्यावर लिवलं हाय यानं!”

बंदुकीचा खटका वाजला. बुधरीबाईनं बांधलेल्या अंकुशच्या अंगावर आपलं अंग टाकलं. 

मास्तर गुडघ्यावर बसले होते. ते सावकाश बोलू लागले. आवाज फाटला होता, पण थांबला नाही.

“खंडनी हा शब्द मले बी आवडत नाई. खंडनी घेनारा भेव दाखवून घेते. हा शब्द घेनाऱ्याचा नाई, देनाऱ्याचा हाय. दोन हजार वर्सापयले लढाई व्हाची, तं हारलेल्यायले धरून नेत. बाजारात उभं करून मानसं इकत. मंग कोनी येऊन आपल्या जवळचं काई द्यायचा आन त्या बांधलेल्याले सोडवून न्यायचा. आपला गुलाम कराले नाई. घरी पाठवाले. त्यानं जे देलं, त्याले लुत्रोन म्हनत.”

“आन कोनी नाई आला तं?” दीदीनं विचारलं.

“तं इकल्या जाय.”

तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं. मग तिनं मान वर केली. “तू काय आनलं?”

मास्तरांच्या हातात काहीच नव्हतं. साधी झोळीसुद्धा नव्हती. त्यांनी अंकुशकडे पाहिलं, बुधरीबाईकडे पाहिलं. त्यांचा तळवा त्या शब्दासमोरच्या पानावर टेकलेला होता आणि तो घामानं चिंब झाला होता. माझी निळी शाई तिथं अजून पसरलेली दिसते. मित्रांनो, गोष्टींतले शूर लोक अशा वेळी छाती पुढे काढतात. माझे मास्तर थरथरत होते. 

“लिवनारा मी हाव. हा फक्त झोळा उचलून जाऊन राह्यला होता. त्याले सोडा. मले ठेवा.”

दीदीनं इशारा केला. गाठी सोडल्या. अंकुश उभा राहिला, पण हलेना.

“मी नाई जात मास्तर.”

“जा म्हन्तो ना!” मास्तर एकदम किंचाळले. इतक्या वर्षांत त्यांनी गावात कोणावर असा आवाज चढवला नव्हता. “बाई, न्या ना याले! माह्या अंगात आता धीर नाई. लवकर न्या!”

बुधरीबाईनं मुलाचा दंड धरला आणि ओढतच नेलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. आभार नाही, निरोप नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता. आता कळतं, वळून पाहिलं असतं तर तिचे पाय तिथंच खिळले असते.

पुढचे पाच दिवस मास्तर त्यांच्याजवळ होते. तिसऱ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. दीदी अधूनमधून मला उघडून एखादा शब्द विचारायची. भाकरीला काय म्हणतात? घराला काय म्हणतात? बाकीचे तिच्याकडे आश्चर्यानं बघायचे. पाचव्या दिवशी आभाळात हेलिकॉप्टर घरघरलं आणि एकच धावपळ उडाली. तापलेल्या म्हाताऱ्याला घेऊन पळता येत नव्हतं. तरुण पोरानं बंदूक रोखली. दीदीनं ती हातानं खाली केली.

“मास्तर, जा. पन या पट्ट्यात पुन्हा दिसू नको. दिसला तं मी नाई थांबवनार.”

मला परत देण्याआधी तिनं ते ‘लुत्रोन’चं पान उघडलं, टर्रकन फाडलं आणि खिशात घातलं. कशासाठी, ते मला आजही माहीत नाही. मला फार दुखलं. मास्तरांना ते कळलंही नाही. ते झाडाला डोकं टेकून उभे होते.

रस्त्यापर्यंत ते कसे आले, ते त्यांनाच ठाऊक. एका टेम्पोवाल्यानं त्यांना गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचवलं. त्यानंतर चौकशीसाठी मला दोन दिवस पोलिसांच्या एका टेबलावर ठेवलं होतं. तिथंही पहिला प्रश्न हाच की हा कोड कोणता आहे. मी पुन्हा गारठले. पण तिथल्या एका शिकलेल्या साहेबानं अक्षरं ओळखली आणि मला परत पाठवलं.

मास्तर वाचले. पण गाव गेलं. ते घर, ती परसातली सीताफळाची झाडं, संध्याकाळी अंबील आणून देणारी माणसं, सगळं गेलं. आता ते गडचिरोलीत त्यांची पुतणी रंजीता हिच्या घरामागच्या खोलीत राहतात. रंजीता शिवणकाम करते. तिनंच सुईदोरा घेऊन माझी पाठ शिवली. दारात दूधवाल्यानं कडी वाजवली, तरी मास्तर दचकून उभे राहतात. मग रंजीता शिलाई थांबवून म्हणते, “दूध हाय काका, दूध.”

अंकुश दर रविवारी यायचा. तांदूळ आणायचा, मोहाची फुलं आणायचा. मान खाली घालून मास्तरांच्या पायाशी बसायचा. पाय दाबू का म्हणायचा. त्यानं मलेरियाचं काम सोडलं होतं. गावाबाहेर पाऊल टाकत नव्हता. आठवड्यातून एकदा, तो नाला टाळून लांबच्या वाटेनं, इथं यायचा तेवढाच. असं एक वर्ष गेलं. एका रविवारी तो म्हणाला, “मास्तर, तुमचं घर माह्यापायी गेलं. मी जलमभर तुमची चाकरी करीन, तरी फिटनार नाई.”

मास्तरांनी मला मागवलं. चष्मा लावून माझी सुरुवातीची पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे बघ. अपोलुत्रोसिस. त्याच घरातला शब्द हाय. लुत्रोन म्हनजे देलं ते. आन अपो म्हनजे दूर. पार दूर. सोडवला तो असा दूर गेला पायजे, का पुन्हा कोनी त्याले धरू नये. धरनाऱ्यानं नाई, आन सोडवनाऱ्यानं बी नाई.”

अंकुशनं मास्तरांच्या पायावरचा हात काढला नाही.

“तिथं त्यायनं तुले झाडाले बांधलं,” मास्तर म्हणाले. “इथी तू सोता येऊन माह्या पायाले बांधून घेऊन राह्यला. मंग मी कायले गेलो होतो रे तिथं?”

“तं मी काय करू?” अंकुशचा आवाज चढला. “झोळा उचलला का मले तो नाला दिसते! हात कापते मास्तर, सुई धरता येत नाई!”

“मले बी वाटते ना भेव. त्या दिवशी बी वाटत होतं. तू पाह्यलं ना, मी कसा बसलो होतो ते?”

“पाह्यलं.”

“मंग? भेव जाईल आन मंग काम करू, असं म्हनशील तं लोकं तापानं मरून जातील. येत्या रविवारी येऊ नको. कामावर जा.”

अंकुश रागानं उठून गेला. तांदळाची पिशवी उंबऱ्यातच राहिली.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही. मास्तर खिडकीपाशी बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. रंजीता म्हणायची, “तुमीच तं येऊ नको म्हन्लं.” ते म्हणायचे, “हो ना.” आणि पुन्हा रस्त्याकडे बघायचे. माझ्याही मनात नको नको ते विचार यायचे. पोरगं पुन्हा कोणाच्या हाती लागलं असेल का? रागानं कायमचं तुटलं असेल का? मी पाच दिवस तंबूत होते, तेव्हासुद्धा वेळ इतका हळू गेला नव्हता.

चौथ्या रविवारी बुधरीबाईचा फोन आला. तिला फोनवर हळू बोलता येत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“मास्तर, अंकुश आज नदीपल्याडच्या गावाले गेला. झोळा घेऊन गेला. एकटा.”

मास्तरांनी फोन दोन्ही हातांनी धरला. “भेत होता का?”

“लय भेत होता! भाकर बी गेली नाई घशाखाली.”

मास्तर पलंगावर बसले. ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रंजीतानं विचारलं, “काय झालं काका?” त्यांनी फोन तिच्याच हातात दिला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वही असेल. तिला वाळवी लागू देऊ नका, ऊन दाखवत जा. तिच्यात न कळणारी अक्षरं दिसली, तर आधी शांतपणे अर्थ विचारा, मग काय ते ठरवा. एका शब्दाचा अर्थ विचारायला किती वेळ लागतो? आणि तुमच्यासाठी कोणी कधी आपलं काही देऊन तुम्हांला सोडवलं असेल, तर त्याच्या पायाशी वाकून बसू नका. उठा आणि आपल्या कामाला लागा. त्यानं दिलं ते त्याचसाठी दिलं.

अंकुश आता महिन्यातून वीस दिवस फिरतीवर असतो. नाला ओलांडताना त्याचे पाय अजून लटपटतात, असं बुधरीबाई सांगते. पण तो ओलांडतो.